बी.एड.चे पायाभूत विषय कसे अभ्यासावेत: आधी एक मूल निवडा

बी.एड.ला प्रवेश मिळाला की पहिला प्रश्न येतो, ‘मेथड कोणती?’, म्हणजे कोणते शालेय विषय शिकवायला शिकणार? मराठी-इतिहास की गणित-विज्ञान, यावरून मैत्री जमते, लेसनचे गट पडतात, टाचणांची देवाणघेवाण सुरू होते. बाल्य आणि वाढ, समकालीन भारत आणि शिक्षण, अध्ययन आणि अध्यापन, ज्ञान आणि अभ्यासक्रम, लिंगभाव-शाळा-समाज, समावेशक शाळा हे विषय मात्र ‘थिअरी’ म्हणून बाजूला पडतात आणि परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स होऊन हातात येतात.

मी हे विषय शिकवते. त्याआधी बरीच वर्षं कळव्याच्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. आता कोपरीहून निघून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईतल्या एका अध्यापक महाविद्यालयात जाते. दोन्हीकडे काम केल्यावर एक मत पक्कं झालं आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिक्षक वर्गात जिथे खरा अडतो, तिथून त्याला मेथड बाहेर काढत नाही, हे विषय काढतात. पण ते तसे अभ्यासलेले असले तरच. म्हणून ही पद्धत लिहिते आहे.

पद्धत एका ओळीत सांगता येईल: पुस्तक उघडण्याआधी एक मूल निवडा आणि सगळे विषय त्या मुलाला धरून वाचा.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवडे शाळेत घालवायचे ठरले, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या. महाविद्यालयं ते आपापल्या वेळापत्रकात बसवतात. पहिल्या वर्षीच्या शाळाभेटी बहुतेक जण फळ्याचा आकार, वर्गांची संख्या आणि प्रयोगशाळेतली कपाटं मोजण्यात घालवतात. ते तपशील मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरच्या फलकावर लिहिलेलेच असतात. तुम्ही त्या दिवसांत तुमचं मूल शोधा.

कोणतं मूल? पहिला नंबर काढणारं नको आणि ‘हा आमचा प्रॉब्लेम’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तेही नको. मधलं घ्या. हजेरीपटावर नाव असतं, पण वर्गशिक्षिकेला ते चटकन आठवत नाही, असं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. मुख्याध्यापकांची आणि वर्गशिक्षिकेची परवानगी घ्या. वहीत खरं नाव लिहू नका. फोटो काढू नका, स्टेटसला तर अजिबात टाकू नका. आईवडिलांनी स्वतःहून बोलावल्याशिवाय घरी जाऊ नका. ही मर्यादा कडक पाळा, कारण मूल तुमच्या सबमिशनसाठी शाळेत येत नाही.

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर जे दिसलं तेवढंच लिहायचं, त्याच दिवशी. उजवं पान रिकामं सोडायचं. पुस्तकात वाचलेलं काही त्या नोंदीला भिडलं की तिथे उतरवायचं. डाव्या पानावर विशेषणं नकोत. ‘लक्ष नव्हतं’ ही नोंद नव्हे. ‘बाई फळ्यावर भागाकार मांडत होत्या तेव्हा तो कंपासपेटीचं झाकण उघडबंद करत होता, मग मागच्या मुलाच्या वहीत डोकावला, मग फळ्याकडे पाहिलं’ ही नोंद. पहिला आठवडा हे फार अवघड जातं, कारण आपल्याला मुलांबद्दल मत द्यायची सवय असते, पाहायची नसते. पहिलं पान लिहून झालं की मैत्रिणीला द्या आणि त्यातली मतं पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा.

आता विषयांकडे. सुरुवात बाल्य आणि वाढ यापासून करा, कारण इथलं बरंच काही स्वतः करून पाहता येतं. मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या अवस्था सगळ्यांना पाठ असतात: दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक, अकरानंतर औपचारिक क्रियात्मक. पाठ करण्याऐवजी पहिलीतलं एक मूल आणि चौथीतलं एक मूल घ्या. दोन सारखे स्टीलचे पेले आणि एक उंच, अरुंद बाटली. दोन्ही पेल्यांत पाणी सारखं झालं असं मुलालाच ठरवू द्या; हवं तर त्यालाच थेंबभर इकडेतिकडे करू द्या. मग त्याच्यासमोर एका पेल्यातलं पाणी बाटलीत ओता आणि विचारा, आता पाणी सारखंच आहे की कशात जास्त आहे? उत्तर आलं की ‘का?’ विचारा आणि गप्प बसा. बरोबर-चूक सांगू नका. पियाजेला उत्तरापेक्षा या ‘का’चं कारण हवं होतं. ‘बाटलीत उंच आहे म्हणून जास्त’ आणि ‘परत पेल्यात ओतलं तर तेवढंच होईल’ या दोन कारणांमध्ये त्याचा अर्धा सिद्धांत आहे.

मग चिंचोके घ्या. दोन ओळी, दोन्हींत सारखे चिंचोके, समोरासमोर. मूल ‘सारखे आहेत’ म्हणाल्यावर एक ओळ लांब पसरवा आणि पुन्हा विचारा. लहान मुलं बऱ्याचदा लांब ओळीत जास्त आहेत म्हणतात. इथे थांबू नका, कारण अभ्यासाची खरी गंमत पुढे आहे. १९७० च्या दशकात एडिंबरात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. ओळ मोठ्या माणसाने पसरवायच्या ऐवजी एका ‘खोडकर’ टेडीने येऊन विस्कटली. मग चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. डोनाल्डसनचं म्हणणं असं, की मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं, यांना आता वेगळं उत्तर हवंय. तुम्हीही एखादी बाहुली आणा आणि करून पाहा.

हे वाचल्यावर माझ्या विद्यार्थिनी पाठाला गेल्या की एक गोष्ट त्यांच्या लक्षात येते. मुलाने बरोबर उत्तर दिलं आणि बाईंनी ‘नक्की?’ विचारलं, की मूल उत्तर बदलतं. उजव्या पानावर हे लिहा. हा पियाजेवरचा आक्षेपही आहे आणि तुमच्या प्रश्न विचारण्याच्या कौशल्यावरची टीपही.

वायगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ वाचताना मुलासोबत एक काम करा. हातच्याची वजाबाकी द्या, तीन अंकी. मूल अडलं की मदत पायरीपायरीने वाढवा: आधी फक्त ‘परत एकदा वाच’, मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे समोर ठेवा, मग पहिली पायरी तुम्ही करून दाखवा. कोणत्या मदतीला कुलूप उघडलं ते टिपा. मूल एकट्याने करतं ते आणि मदतीने करतं ते, यांच्यामधल्या जागेला त्याने निकट विकासाचं क्षेत्र म्हटलं. आपल्याकडच्या चाचण्या फक्त पहिली गोष्ट मोजतात. आणि एक चूक उत्तरपत्रिकांत सतत दिसते ती टाळा: स्कॅफोल्डिंग (शिकताना दिलेला तात्पुरता आधार) ही संज्ञा वायगॉट्स्कीची नाही. तो १९३४ मध्येच गेला. ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रूढ झाली.

एरिक्सन, कोलबर्ग, गार्डनर या बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना वेळ कमी द्या. एरिक्सनची सहा ते बाराची अवस्था, उद्यमशीलता विरुद्ध न्यूनता, तेवढी नीट वाचा. तुमचं मूल कशात स्वतःला हुशार समजतं, हे शोधायला ती उपयोगी पडते.

समकालीन भारत आणि शिक्षण या विषयाला मात्र वर्गात बसून न्याय मिळत नाही. चप्पल घालून बाहेर पडा. ठाण्याहून वाशी गाडी पकडा आणि घणसोली किंवा रबाळ्याला उतरा. एका बाजूला सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेला नोड (उपनगर), त्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि गेटवर उभ्या पिवळ्या बस. त्याला चिकटून जुनं गावठाण, तिथली महापालिकेची शाळा. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की एमआयडीसी आणि तिच्या कडेने डोंगरापर्यंत चढलेल्या वस्त्या. हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे.

या भूगोलाला इतिहास आहे आणि तो तुमच्या मुलाच्या दप्तरापर्यंत येतो. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे वर्गातल्या आगरी मुलाचे आजोबा शेती आणि मिठागरं करत होते, वडील भाड्याच्या उत्पन्नावर आहेत आणि मूल घरी आगरी, शाळेत इंग्रजी बोलतं. त्याच्या शेजारी कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतली मुलगी बसते. तिचे आजोबा साताऱ्याहून आले आणि एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, ओझी वाहिली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या कामाला थोडं स्थैर्य आलं, म्हणून तिची आई तिला शिकवणी लावू शकते. तिसरं मूल वस्तीतलं, वडील कंत्राटी कामावर, घर दरवर्षी बदलतं. समाजशास्त्राच्या पुस्तकातलं सामाजिक स्तरीकरण आणि गतिशीलता हीच आहे. कुणाला जात किंवा पगार विचारायची गरज नाही. मूल शाळेत कसं येतं, मोठा रस्ता कोणाबरोबर ओलांडतं, डबा आणतं की पोषण आहार खातं, संध्याकाळी क्लासला जातं की धाकट्या भावाला सांभाळतं, एवढं पाहिलं तरी प्रकरण उलगडतं.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांना दूरच्या शाळेत जाणं जमेना, म्हणून शाळाच सिग्नलपाशी आली. ‘शालाबाह्य मुले’ यावर लिहायचं असेल तर आधी या शाळेची माहिती मिळवा, तिथले वर्ग कधी भरतात, आंघोळ-जेवणाची सोय का करावी लागली, हे समजून घ्या.

यानंतर शिक्षण हक्क कायदा मूळातून वाचा. गाईडमधला सारांश नको. कायदा छोटा आहे आणि मराठीत मिळतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याची काही कलमं शिक्षकाला रोज लागतात. कलम ४: शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण. कलम १४: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी. कलम २१: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. परवानगी मिळाली तर समितीची एक सभा मागे बसून ऐका. कोण बोलतं, कोण फक्त सही करतं, हे डाव्या पानावर.

आणि इतिहास सनावळीने वाचू नका, एका प्रश्नाने वाचा: कर कोण भरतो आणि शिकतं कोण? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात हाच प्रश्न मांडला. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असं त्यांनी सांगितलं; निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, अशी मागणी केली. हे निवेदन थोडक्या पानांचं आहे. एका बैठकीत वाचून होतं आणि प्रत्येक भावी शिक्षकाने ते वाचलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर गोखल्यांचं १९११ चं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये केलेला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, शिक्षण हा मूलभूत हक्क करणारी २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा हे एका धाग्यात येतात. कोठारी आयोगाचं (१९६४–६६) शेजारशाळेचं प्रकरण घणसोलीची फेरी झाल्यावर वाचा. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. एका वस्तीतल्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकावं ही त्यांची शिफारस, आणि तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या वेगवेगळ्या शाळा. उत्तरात लिहायला उदाहरण शोधावं लागणार नाही.

तत्त्वज्ञानाच्या तक्त्यांबद्दल माझं मत कडक आहे. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद आणि प्रत्येकापुढे उद्दिष्टे, अभ्यासक्रम, पद्धती, शिक्षकाची भूमिका, शिस्त असे रकाने भरून काहीही कळत नाही. त्याऐवजी डाव्या पानावरची एक घटना घ्या. समजा, तुमचं मूल रोज पहिला तास बुडाल्यावर येतं. रूसो काय करेल, ड्यूई काय करेल, गांधीजी काय करतील, प्रत्येकी पाच ओळी लिहा. लिहिताना पुस्तकाकडे परत जावंच लागतं आणि तेव्हा वाचलेलं राहतं.

आपल्या भागातलं एक नाव या तक्त्यांत क्वचित असतं, ते तुम्ही घाला: ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम करून त्या १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. (पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये.) आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. ड्यूईचा अनुभव, माँटेसरीचं स्वातंत्र्य आणि गांधीजींचा परिसराशी जोडलेला अभ्यासक्रम हे तिघं इथे एकत्र भेटतात. जमलं तर चार-पाच जणी मिळून कोसबाडला जाऊन या. बोरिवलीहून डहाणू लोकल आहे, पुढे रिक्षा. आधी संस्थेला कळवून जा आणि सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, मुलं दिसायला हवीत.

लिंगभावाच्या विषयाला वाचनापेक्षा मोजणी जास्त शिकवते. एका तासात शिक्षकाने किती प्रश्न मुलींना विचारले आणि किती मुलांना, अवघड कोणाला आणि ‘वाचून दाखव’ कोणाला, याच्या खुणा करा. वर्ग कोण झाडतं, बाकं कोण उचलतं, पाहुण्यांपुढे आरती घेऊन कोण उभं राहतं. मुली दुपारी पाणी का पीत नाहीत, हे स्वच्छतागृह पाहिल्यावर कळतं.

समावेशक शाळेसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार परीक्षेत येतात, ते पाठ करा. पण शाळेत गेल्यावर शेवटच्या बाकावर बसून फळा वाचून बघा आणि रॅम्प कुठे संपतो ते चालत जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी तो पायरीपाशीच संपतो. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं वाशीचं ई.टी.सी. केंद्र पाहण्यासाठी महाविद्यालयाकडून पत्र न्या. विशेष शिक्षिका एका मुलासाठी एक कृती किती तुकड्यांत मोडते, ते तिथे बघा आणि लेसन प्लॅनमध्ये उतरवा.

ज्ञान आणि अभ्यासक्रम हा सगळ्यांना रुक्ष वाटणारा विषय. बालभारतीचं कोणतंही एक पुस्तक घ्या आणि तुमचं मूल त्यात कुठे आहे ते शोधा: त्याचं घर, त्याच्या आईचं काम, त्याची खाडी, पारसिकचा डोंगर, दगडखाणी. जे नाही ते का नाही, कोणी ठरवलं, आणि एक पान तुम्हाला लिहायला दिलं तर काय लिहाल? ते पान खरंच लिहा. या विषयाचं यापेक्षा चांगलं असाइनमेंट मला माहीत नाही.

वाचायला शांत जागा हवी असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांनी तिथल्या शिक्षणशास्त्राच्या कपाटाशी ओळख करून घ्यावी.

परीक्षेत मोठा प्रश्न लिहिताना हा क्रम ठेवा: सिद्धांत कोणाचा आणि नेमका काय ते चार वाक्यांत, मग तुमच्या वहीतलं एक निरीक्षण, मग त्या सिद्धांतावरचा एक आक्षेप, शेवटी वर्गात तुम्ही काय कराल. परीक्षकाच्या हातात एकाच गाईडमधून उतरलेली उत्तरं एकापाठोपाठ येत असतात. चिंचोक्यांचं उदाहरण आलं की तो थांबून वाचतो. संज्ञा एकच ठेवा. कार्यवाद आणि फलप्रामाण्यवाद ही एकाच वादाची नावं आहेत; एका परिच्छेदात एक आणि पुढच्यात दुसरं लिहिलंत तर दोन वेगळे वाद वाटतात. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) वही सोबत न्या, पण मुलाची ओळख पटेल असं एकही पान त्यात ठेवू नका.

दुसऱ्या वर्षीच्या लांब इंटर्नशिपला शक्य असेल तर तीच शाळा मागून घ्या. मूल एक इयत्ता पुढे गेलेलं असेल आणि हातच्याची वजाबाकी तुम्ही पुन्हा देऊन पाहू शकाल. शाळा सोडताना वर्गशिक्षिकेला दहा मिनिटं मागा आणि सांगा: हे मूल इथे अडतं, काड्यांच्या गठ्ठ्यांनी त्याला जमतं, आणि ‘नक्की?’ विचारलं की ते घाबरून बरोबर उत्तर बदलतं. कागदावरही लिहून द्या, म्हणजे जूनमध्ये येणाऱ्या नव्या बाईंना ते मिळेल.